शहराच्या रेडिओ केंद्राचा दर्जा कशावरून ठरवावा?

आकाशलहरी:
पुण्यात आज रेडिओ लावला तर ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील केंद्र, १०१ मेगाहर्ट्झवर विविध भारती, काही खासगी एफएम वाहिन्या आणि पुणे विद्यापीठाची विद्यावाणी किंवा चित्रपट संस्थेचा रेडिओ एफटीआयआय यांसारखी, संस्थांनी आपल्या परिसरासाठी चालवलेली सामुदायिक केंद्रे सापडतात. तरीही यांतले चांगले कोणते, असे विचारले की उत्तर बहुधा निवेदकाच्या आवाजापाशी नाहीतर गाण्यांच्या निवडीपाशी येऊन थांबते. मला हा निकष अपुरा वाटतो, कारण हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकण्याची सोय आता मोबाइलवर आहे आणि त्या बाबतीत कोणतेही केंद्र श्रोत्याच्या स्वतःच्या निवडीशी स्पर्धा करू शकणार नाही. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात जे बोलले जाते, ते जसेच्या तसे इंदुरात ऐकवले तरी कोणाला काही खटकणार नसेल, तर ते केंद्र पुण्याचे नव्हे. त्याचा केवळ मनोरा पुण्यात आहे.

केंद्र सरकारच्या, खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने (२०११) एकाच कंपनीच्या देशभरातील केंद्रांवर एकच कार्यक्रम लावण्याची मुभा दिली, त्यामुळे ही शंका काल्पनिक राहिलेली नाही. सरकारी बाजूही फार वेगळी नाही. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून प्रसारित करण्याचा निर्णय झाला होता. पुणेकरांनी विरोध केला, म्हणून त्याला स्थगिती मिळाली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्यांसाठी लोक भांडले, गाण्यांसाठी नव्हे, याची नोंद दर्जाची चर्चा करणाऱ्याने घ्यावी.

चौथा गिअर:
आपल्या निकषात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे श्रोत्याने रेडिओ कशासाठी ऐकावा हे आपण ठरवायचे. हिंजवडीहून संध्याकाळी घरी निघालेला माणूस दीड-दीड तास गाडीत अडकलेला असतो. त्याला महापालिकेच्या स्थायी समितीत काय झाले हे नको असते. पुढचे गाणे आपण निवडलेले नाही, एवढ्या छोट्या अनिश्चिततेने त्याचे मन रमते आणि पलीकडे कोणीतरी जिवंत माणूस बोलतो आहे याचा त्याला आधार वाटतो. हे काम जी वाहिनी नीट करते, ती माझ्या दृष्टीने दर्जेदार आहे.

दुसरे असे, की खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे तेवढी पुन्हा ऐकवता येतात. लिलावात पैसे मोजून वाहिनी घ्यायची, दरवर्षी महसुलातला हिस्सा सरकारला द्यायचा, आणि हात बांधलेले असताना शहर दिसत नाही म्हणून बोलणीही खायची, हा न्याय मला पटत नाही.

आकाशलहरी:
बातम्यांवरील बंदी मलाही अयोग्य वाटते. मात्र तिच्या आड जेवढे लपवले जाते तेवढे लपत नाही. त्याच धोरणात वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा व प्रवेश, रोजगाराच्या संधी आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या पाणी, वीज, आरोग्य व नैसर्गिक आपत्तीविषयक सूचना या गोष्टी बातमी समजल्या जाणार नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे. एवढ्या सामग्रीत शहर उभे राहत नसेल तर दोष कायद्याचा कमी आणि इच्छेचा जास्त आहे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले. दोन्ही वेळा संकट अशा प्रहरी आले, जेव्हा वर्तमानपत्र उपयोगाचे नसते आणि वीज गेली की दूरचित्रवाणी व घरचे इंटरनेटही बंद पडते. विसर्ग किती क्युसेकने वाढवला आणि कोणते पूल बंद केले, हे रात्री दोन वाजता सांगण्यासाठी स्टुडिओत माणूस बसलेला असतो का, की सकाळपर्यंत ध्वनिमुद्रित गाणी यंत्रच वाजवत राहते? कोणत्याही केंद्राला मी पहिला प्रश्न हा विचारेन. आपल्या हिंजवडीच्या प्रवाशालाही पुढचा चौक तुंबला आहे की नाही, हे कळले तर नको असेल असे वाटत नाही.

वाळवेकर वाडा:
धागाकर्त्यांचा, म्हणजे चर्चा सुरू करणाऱ्या आकाशलहरी यांचा, रोख खासगी वाहिन्यांवर अधिक आहे, म्हणून आकाशवाणीविषयी लिहितो. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या या केंद्राचा विषय निघाला की १९५५-५६ मधल्या 'गीतरामायणा'चा दाखला हमखास दिला जातो, जणू काही त्या पुण्याईवर पुढची सत्तर वर्षे उत्तीर्ण व्हायचे ठरलेले आहे. वारसा आणि दर्जा यांत फरक करायला हवा. आज मध्यम लहरी घेणारा संच किती घरांत आहे? मोबाइलमध्ये एफएम असले तरी मध्यम लहरी येत नाहीत, आणि जुना संच जपून ठेवला तरी एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या खरखरीत निवेदकाचा आवाज बुडून जातो. कार्यक्रम कितीही सकस असला तरी तो श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचत नसेल, तर दर्जाच्या तक्त्यात त्याचे गुण कापलेच पाहिजेत. आकाशवाणीच्या ॲपवर हे केंद्र स्वच्छ ऐकू येते हे मान्य. पण वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलेल्या पुराच्या रात्री त्या ॲपचे काय करायचे, हे धागाकर्त्यांनीच सांगावे.

स्वरचाचणी:
एक तांत्रिक मुद्दा येथे सुटतो आहे. 'लोकांना आवडते तेच दर्जेदार' असे म्हणणाऱ्यांनी लोकांना काय आवडते हे मोजले कोणी, याचेही उत्तर द्यावे. रेडिओ श्रोत्यांचे मोजमाप करणारी 'रॅम' ही पद्धत मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरती होती, आणि तीही निवडक श्रोत्यांनी भरलेल्या रोजनिशीवर चालत असे. पुणे त्यात नव्हते. 'पुण्याची पहिल्या क्रमांकाची वाहिनी' ही घोषणा ऐकली की तो क्रमांक कोणत्या यादीतला, असे विचारावेसे वाटते. आकाशवाणीवर गायचे असेल तर कलाकाराला स्वरचाचणी द्यावी लागते, 'बी', 'बी हाय', 'ए', 'टॉप' अशा श्रेणी मिळतात. मात्र ज्या केंद्रावरून तो गातो त्या केंद्राला श्रेणी देणारे कोणीही नाही.

चौथा गिअर:
मोजमाप नाही हे खरे; पण जाहिरातदार मूर्ख नसतो. दुकानाची जाहिरात लावल्यावर गिऱ्हाईक आले नाही, तर तो पुढच्या महिन्यात पैसे देत नाही. हीसुद्धा एक श्रेणीच आहे.

खिंडीतला श्रोता:
ती श्रेणी दुकानाच्या दृष्टीने ठीक आहे. सामुदायिक केंद्रांचा उल्लेख धाग्यात नावापुरता झाला, म्हणून लिहितो. धागाकर्त्यांच्या निकषावर खरे तर हीच केंद्रे सर्वांत वर यायला हवीत, कारण निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेला असावा अशी त्यांच्यावर नियमाचीच अट आहे. विद्यापीठाच्या विद्यावाणीवर विद्यार्थी, प्राध्यापक आणि परिसरातील माणसे मराठीत सविस्तर बोलतात. परंतु प्रक्षेपणाच्या १०० वॅट प्रभावी शक्तीच्या मर्यादेत विद्यापीठाच्या गणेशखिंडीतून निघालेली लहर हडपसरच्या घरात स्वच्छ पोहोचेल याची खात्री नाही. जाहिरातींवर मर्यादा असल्याने पैसाही बेताचाच, आणि पैसा नाही म्हणून रात्री स्टुडिओत माणूस नाही. ज्यांच्याकडे शहराविषयी सांगण्यासारखे आहे त्यांना शक्ती दिलेली नाही, आणि ज्यांच्याकडे काही किलोवॅटचा प्रक्षेपक आहे त्यांच्यावर स्थानिक मजकुराची अशी निम्म्याची अट नाही.

आकाशलहरी:
वाळवेकर वाडा यांचा आक्षेप रास्त आहे. पुराच्या रात्री ॲप कामाचे नाही. पण त्याच कारणासाठी प्रादेशिक बातम्या मध्यम लहरींबरोबरच १०१ मेगाहर्ट्झवरूनही आवर्जून दिल्या जाव्यात आणि आपत्तीच्या वेळी विविध भारतीचा कार्यक्रम थांबवून सूचना देण्याचा अधिकार पुण्यातल्या अधिकाऱ्याकडे असावा, असे मला वाटते.

वाळवेकर वाडा:
अधिकार कागदावर दिला तरी रात्री दोन वाजता तो वापरणारा कोण? वृत्तविभागातील रिकामी पदे आधी भरा, मग लहरींचे बोलू.