प्रतिसाद: गिम्प दर वेळी एक्ससीएफच का मागतं?

गिम्प या फोटो एडिटिंग प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-एस (सेव्ह) दाबलं की जेपीजी मिळत नाही, ही तक्रार २०१२ साली २.८ आवृत्ती आली तेव्हापासूनची आहे. तेव्हापासून 'सेव्ह' फक्त एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये होतं. जेपीजी, पीएनजी असे बाकी सगळे फॉरमॅट 'एक्स्पोर्ट'ने. सेव्हचा फॉरमॅट बदलायची सोय सेटिंगमध्ये नाही, उगाच शोधू नका.

एक्स्पोर्टचा मात्र बदलता येतो. २.१० मध्ये एडिट > प्रेफरन्सेस > इमेज इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट इथे जा. एक्स्पोर्टचा डिफॉल्ट प्रकार पीएनजी असतो, तो जेपीईजी करा. मग एकदा जेपीजी एक्स्पोर्ट करताना क्वालिटी हवी तेवढी ठेवून त्याच खिडकीतलं 'सेव्ह डिफॉल्ट्स' दाबा. मूळचा आकडा ९० असतो, घरगुती फोटोंना तो भरपूर झाला.

या चर्चेत वर कुणीतरी कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये जाऊन कंट्रोल-एस 'ओव्हरराइट'ला (उघडलेल्या मूळ फाइलवरच लिहिणं) जोडायला सांगितलंय. चालतं ते, पण मी तरी करणार नाही. मूळ फोटोच बदलतो, लेअर्स (चित्राचे वेगवेगळे थर) जातात, आणि जेपीजी पुन्हापुन्हा लिहिली की दर वेळी थोडी खराब होते. त्यापेक्षा कंट्रोल-शिफ्ट-ई (एक्स्पोर्ट) ची सवय लावा आणि नाव बदलून ठेवा. बंद करताना 'सेव्ह केलं नाही' म्हणून विचारेल. एक्ससीएफ नको असेल तर खुशाल 'डिस्कार्ड' करा, एक्स्पोर्ट केलेली फाइल शाबूत राहते.