प्रतिसाद: चालू गुणोत्तर २, मग चिंता कशाला?

ज्या मताला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटलंय की चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) २ आलं म्हणजे पालिकेकडे पैसा आहे. कंपनीच्या ताळेबंदाला ठीक, पालिकेच्या नाही. समजा चालू मालमत्ता (रोकड आणि वर्षभरात रोख होतील अशी येणी) १०० कोटी, चालू देणी (वर्षभरात भागवायची) ५० कोटी. पण त्या १०० मधले ४० कोटी मालमत्ता कराची थकबाकी (ती कधी येते ते आपण जाणतोच!) आणि ३५ कोटी विशिष्ट कामासाठी आलेलं अनुदान. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा संहितेत अखर्चित अनुदानाचं दायित्व (ते त्याच कामावर खर्च करायची जबाबदारी) चालू देण्यांबाहेर, वेगळ्या शीर्षाखाली दाखवतात. त्याची रोकड मात्र बँक शिल्लकीत, म्हणजे चालू मालमत्तेत दिसते, म्हणून गुणोत्तर फुगतं. ठेकेदारांची बिलं भागवायला उरले २५ कोटी. २५ भागिले ५०, म्हणजे खरं गुणोत्तर ०.५! आधी निधीनिहाय शिल्लक (कोणत्या कामासाठीचा किती पैसा उरलाय ते) बघा.