मदत हवी आहे : तानपुऱ्याच्या चार तारा प्रोसेसरच्या चार कोअरवर वाटल्या, तर घोडीचे गणित कोठे करावे?

नमस्कार. मी सुपरकोलायडर या ध्वनिनिर्मितीच्या संगणकभाषेत तानपुऱ्याचे भौतिक प्रतिमान तयार करीत आहे. त्यात ध्वनिमुद्रित तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला जात नाही. तार, तिच्याखालचे सूत आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी यांची हालचाल दर सँपलला (ध्वनीच्या प्रत्येक क्षणिक नमुन्याला) गणिताने काढली जाते आणि तिच्यातून आवाज निर्माण होतो. जवारी (तार घोडीला हलके स्पर्शून उमटणारा गुंजणारा नाद) नीट खुलावी म्हणून तारेचे भाग अधिक बारीक केले, की एकच तानपुरा एका कोअरला पेलवत नाही आणि उरलेले तीन कोअर रिकामे राहतात, कारण एससिंथ हा नेहमीचा सर्व्हर सगळे ध्वनिगणित एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर) करतो.

म्हणून मी टिम ब्लेखमान यांनी लिहिलेल्या सुपरनोव्हा या सर्व्हरकडे वळलो. त्यात पॅरग्रुपमध्ये (समांतर चालणाऱ्या गटात) ठेवलेले सिंथ (आवाज काढणारे स्वतंत्र घटक) निरनिराळ्या कोअरवर एकाच वेळी चालू शकतात. परंतु एक सिंथ त्याला आतून फोडता येत नाही, त्यामुळे मी प्रत्येक तारेचा स्वतंत्र सिंथ केला आणि चारही तारांचा जोर एकत्र करणारा घोडीचा सिंथ पॅरग्रुपच्या मागे ठेवला.

खरी अडचण येथे आहे. घोडीने तारांना दिलेला प्रतिसाद इनफीडबॅकमधून (मागच्या ब्लॉकचा संकेत वाचणाऱ्या घटकातून) पुढच्या ब्लॉकमध्ये (एकदम मोजल्या जाणाऱ्या सँपलच्या गटात) पोहोचतो. ब्लॉक ६४ सँपलचा आणि सँपलदर सेकंदाला ४८,००० असल्यामुळे हा उशीर १.३३ मिलिसेकंद होतो. ७५० हर्ट्झच्या स्वरांशाचे तेवढ्यात एक संपूर्ण आवर्तन होते आणि जवारीची झळाळी तर त्याच्याही वरच्या स्वरांशांत असते. परिणामी तारा एकमेकींना साद देईनाशा होतात. एवढेच नव्हे, तर काही जुळणींत घोडी ऊर्जा शोषण्याऐवजी पुरवू लागते आणि आवाज आपोआप वाढत जातो. ब्लॉक १६ सँपलचा केला की नाद बराच सुधारतो, मात्र कोअरना सेकंदाला ७५० ऐवजी ३,००० वेळा एकमेकांसाठी थांबावे लागते आणि विभागणीचा सगळा फायदा त्या थांबण्यातच संपतो.

नेहमीचे उपाय करून झाले आहेत. लिनक्सवर ऑडिओ थ्रेडना रिअल-टाइम प्राधान्य दिले आहे, प्रोसेसरची गती स्थिर ठेवली आहे, सुपरनोव्हाचे थ्रेड प्रत्यक्ष कोअरइतकेच म्हणजे चार ठेवले आहेत आणि माझा प्लगइन (तारेचे गणित करणारा जोडभाग) सुपरनोव्हासाठी वेगळा कंपाइल केला आहे. जॅक या ध्वनिप्रणालीचा बफर (ध्वनीचा तात्पुरता साठा) वाढवून उपयोग नाही, कारण कोअरची गाठ बफरला नव्हे तर ब्लॉकला पडते.

एक मार्ग मला आशादायक वाटतो. काळी एकच्या पट्टीत जोडाची (षड्जाची) तार सुमारे १३९ हर्ट्झला असते, म्हणजे लहरीला घोडीपासून मेरूपर्यंत (तारेच्या दुसऱ्या टोकापर्यंत) जाऊन परत यायला सुमारे ३४६ सँपल लागतात. तार वेव्हगाइड पद्धतीने (लहरीचा प्रवास उशिराच्या रूपात दाखवून) मांडली, तर ब्लॉकचा उशीर या प्रवासातूनच वजा करता येईल आणि स्वर बिघडणार नाही. पण मग घोडीलगतचा भाग, जेथे तार सुतावर आपटते, तो चारही तारांसाठी एकाच सिंथमध्ये ठेवावा लागेल, आणि सर्वांत जड गणित नेमके तेथेच आहे.

तेव्हा जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. जवारीचा संपर्क प्रत्येक तारेच्या सिंथमध्ये ठेवून केवळ घोडीची सामाईक हालचाल ब्लॉकभर उशिरा दिली, तर ऊर्जा कधीही वाढणार नाही अशी हमी देणारी मांडणी कोणी करून पाहिली आहे का? की सुपरनोव्हाची विभागणी सोडून प्लगइनमध्येच स्वतःचे थ्रेड चालवावेत आणि त्यांना दर सँपलला, म्हणजे दर २०.८ मायक्रोसेकंदांनी, न झोपता एकमेकांची वाट पाहायला लावावी? दुसऱ्या मार्गात कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) एक जरी कोअर क्षणभर काढून घेतला तरी चारही तारा थांबतील, ही भीती मला वाटते. कोणी तसे प्रत्यक्ष चालवले असेल, तर थ्रेड कोअरला कसे बांधले आणि ऑडिओ इंटरफेसचे इंटरप्ट (प्रोसेसरचे काम अडवून लक्ष वेधणारे संकेत) कोणत्या कोअरवर ठेवले, हेही कृपया लिहावे.