माहिती अधिकार नक्की कोणी मिळवून दिला?

माळकरी_७२: 'सरकारने २००५ ला माहितीचा अधिकार दिला' असं कोणी म्हटलं की डोकंच फिरतं माझं. राजस्थानात दुष्काळी कामावरच्या मजुरांना पूर्ण मजुरी मिळेना, विचारलं तर म्हणायचे तुम्ही कामच कमी केलंय, आणि मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, दाखवा म्हटलं की ते सरकारी गुपित! त्यासाठी १९९६ ला ब्यावरला ४० दिवस धरणं धरलं लोकांनी. दिल्लीत नंतर पोचला हा विषय.

जुना_कारकून: धरण्याचा मान आहेच, पण सुप्रीम कोर्टाने १९७५ लाच राजनारायण खटल्यात म्हटलं होतं की सरकार काय करतंय हे जाणायचा लोकांना हक्क आहे. पाया तिथला. आणि दुसरी बाजू पण बघा, मी ऑफिसात बसून सोसलीय. एकच माणूस दहा वर्षांचं रेकॉर्ड मागणार, आम्ही आठवडाभर गठ्ठे उपसणार, आणि तो तेच घेऊन ठेकेदाराकडे तडजोडीला जाणार. वर माहितीला उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये दंडाची टांगती तलवार आमच्याच डोक्यावर.

माळकरी_७२: दादा, दंड नसला की काय होतं तेही बघितलंय. संसदेने २००२ ला एक कायदा केलेला, ना दंड, ना अपील ऐकायला स्वतंत्र माहिती आयोग, आणि तो कधी लागूच झाला नाही. आपल्या महाराष्ट्राचा २००० चा पण असाच बोथट होता, म्हणून तर अण्णा हजारेंना आंदोलनं करावी लागली, २००३ ला आझाद मैदानावर उपोषण झालं तेव्हा कुठे राज्याचा नवा कायदा मार्गी लागला.

रानवाट: मी स्वतः अर्ज टाकलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, ३० दिवस गेले, उत्तर नाही, पहिलं अपील केलं मग एमबीची, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकाची, झेरॉक्स मिळाली. आमच्या पाणंद रस्त्यावर दोन मोऱ्या दाखवल्यात, बिल पण निघालंय. मी रोज त्या रस्त्याने जाते हो, एकच मोरी आहे!! आता २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललंय, वैयक्तिक माहिती म्हटलं की सरळ नकार देता येतो. मग मस्टर कसं मिळणार? त्यात असतात ती माणसांची नावंच ना.

जुना_कारकून: कलम ८(२) शिल्लक आहे ताई, जनहित मोठं असेल तर द्यायला हरकत नाही.

रानवाट: आणि जनहित मोठं की नाही हे आधी ठरवणार कोण? ज्याने बिलावर सही केली त्याच्याच शेजारच्या टेबलावरचा साहेब. मग मी दुसरं अपील करून आयोगाच्या तारखेची वाट बघत बसायचं, तोवर रस्ता वाहून जातो.

जुना_कारकून: हे खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कलम ४ प्रमाणे ऑफिसने स्वतःहून माहिती लावायची असते, आमच्याकडे ती मस्टरं आणि बिलं बाहेरच्या फलकावर लावली असती तर निम्मे अर्ज आलेच नसते. मी तिथे असताना एकदाही लावली नाहीत.