मदत हवी आहे: लॅपटॉप न नेता प्रवासात फोटोंचा बॅकअप कसा घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात २४ दिवसांच्या प्रवासाला निघतेय. पाठीवर एकच सॅक, जवळपास रोज नवा मुक्काम, त्यामुळे लॅपटॉप न्यायचा नाही हे पक्कं. पण रोजचे फोटो दुसरीकडे कुठेतरी उतरवून ठेवायचेत, आणि तेही माझ्यासारख्या या विषयात जेमतेम काठावर पास होणाऱ्या बाईला जमेल अशा रीतीनं.

"फोनवर घ्या की" असं कोणी सांगण्याआधी मागची कहाणी सांगते. गेल्या वेळच्या सहा दिवसांच्या प्रवासात मी तेच केलं होतं. कॅमेऱ्याचं वायफाय लावायचं, कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधून रोज रात्री फोटो फोनमध्ये घ्यायचे. फोनच्या पडद्यावर ते झकास दिसायचे. चौथ्या दिवशी कार्ड भरलं. फोटो फोनमध्ये आहेतच, म्हणून निर्धास्तपणे कार्ड फॉरमॅट केलं आणि पुढचे दोन दिवस त्याच कार्डावर फोटो काढले. घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर पहिला फोटो उघडला आणि पोटात गोळा आला. कॅमेरा ६००० बाय ४००० चा फोटो काढतो. फोनमध्ये आले होते १६२० बाय १०८० चे. अ‍ॅप मुळातच फोटो लहान करून पाठवत होतं, आणि 'मूळ आकार' हा पर्याय सेटिंगच्या तळाशी कुठेतरी होता. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली मूळ कच्ची फाइल, तर एकही आली नव्हती.

त्यात तिसऱ्या संध्याकाळचा एक पाणकावळा आहे. बुडी मारून वर येतानाचा, चोचीत काहीतरी आडवं धरलेलं. फोनवर तो मासा वाटतो. मोठा करून पाहिला की मासा आहे की काडी, तेच कळत नाही. चूक माझीच, पण जीव हळहळतो.

आता हाताशी काय आहे ते सांगते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, कार्डाचा स्लॉट एकच. मी रॉमध्ये काढते, एक फाइल साधारण ३० एमबी. दिवसाला ३०० फोटो धरले तर ९ जीबी, म्हणजे एकूण दोनशेच्या वर. ६४ जीबीची दोन कार्डं आहेत, शिवाय मागच्या प्रवासातलं ते ३२ चं जुनं. फोन अँड्रॉइड, टाइप-सी, त्यात जेमतेम ४० जीबी जागा. घरात १ टीबीची जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क पडून आहे, ती फोनला जोडता येईल का? की सरळ क्लाउडवर टाकत जाऊ? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉपी *नीट* झाली हे ओळखायचं कसं? मागच्या वेळीही ती झालीच होती म्हणे.

प्रतिसाद १

सोपा उपाय: आणखी कार्डं घ्या आणि प्रवासात एकही कार्ड फॉरमॅट करू नका. भरलं की डबीत उलटं ठेवायचं, म्हणजे वापरलेलं कुठलं ते अंधारातही कळतं. बाजूची बारीक खिट्टी 'लॉक'कडे सरकवायची. फॉरमॅट करायचं ते घरी येऊन, दोन ठिकाणी कॉपी झाल्यावर. मी इतकी वर्षं एवढंच करतो.

धागाकर्ती

दादा, हे मला जमेल! पण ती डबीच हरवली तर? किंवा कार्डच गेलं तर?

प्रतिसाद २

डबी हरवली तर फोटो गेले, हे उघड आहे. कार्डं जास्त घेणं म्हणजे जागा वाढवणं, तो बॅकअप नव्हे. तरी फॉरमॅट न करण्याचा सल्ला सोन्यासारखा आहे, तो पाळाच. त्याच्या जोडीला दुसरी प्रत कशी करायची ते सांगतो.

तीन वस्तू लागतील: टाइप-सी हब (एका पोर्टला अनेक वस्तू जोडून देणारी डबी), कार्ड रीडर आणि छोटी एसएसडी (आत काही न फिरणारी डिस्क). पुष्कळ हबमध्ये कार्डाचा स्लॉट असतोच, मग रीडर वेगळा नको. हब घेताना एकच गोष्ट बघा, त्याला चार्जर लावायला स्वतंत्र टाइप-सी पोर्ट हवा. कार्ड आणि एसएसडी दोन्ही हबला, हब फोनला. फोनमधलं फाइल्सचं अ‍ॅप उघडलं की दोन्ही वेगवेगळी दिसतात. कार्डावरचं डीसीआयएम फोल्डर (कॅमेरा फोटो त्यातच ठेवतो) आख्खं निवडा, कॉपी करा, एसएसडीवर पेस्ट करा. फोटो फोनमधून नुसते जातात, त्यात साठत नाहीत. त्यामुळे तुमच्या ४० जीबीची काळजी मिटली. आणि कार्डावरची फाइल जशीच्या तशी जाते, लहान करायला मध्ये कोणी नसतं.

जुन्या हार्ड डिस्कचा नाद सोडा. आत फिरणारी चकती असते, तिला सुरू होतानाच बरीच वीज लागते आणि फोन तेवढी पुरवू शकत नाही. मग ती टकटक करते, दिसते, गायब होते. एसएसडीसुद्धा लिहिताना मध्येच जास्त वीज ओढते, म्हणून तर हबला चार्जर किंवा पॉवर बँक हवी. शिवाय धक्क्यानं बिघडणारी वस्तू सॅकमध्ये कशाला?

वेळेचा हिशोबही सांगतो. बऱ्याच फोनचा टाइप-सी पोर्ट दिसायला नवा असला तरी आतून यूएसबी २, म्हणजे जुन्या हळू पिढीचा असतो. प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३०-३५ एमबी, आणि वाचणं-लिहिणं दोन्ही त्याच पोर्टमधून, म्हणून कॉपीला त्याच्या निम्मा. तुमचे दिवसाचे ९ जीबी दहा मिनिटांत होतील. तेच भरलेलं ६४ चं कार्ड एकदम द्याल तर तासभर, आणि तेवढ्यात कोणाचा फोन आला, केबल हलली, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रोजच्या रोज करा.

निघायच्या आधी घरच्या लॅपटॉपवर एसएसडी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या (एक्सफॅट, एनटीएफएस, फॅट३२ या डिस्कवर फाइल्स मांडायच्या पद्धती). एनटीएफएसवर पुष्कळ फोन लिहू शकत नाहीत. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, व्हिडिओ काढत असाल तर अडेल. आणि काढताना 'इजेक्ट' दाबल्याशिवाय केबल ओढायची नाही.

प्रतिसाद ३

आयफोनवाल्यांसाठी पुरवणी, कारण हा धागा पुढे कोणीतरी शोधत येईलच. आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, फाइल्स अ‍ॅपमध्ये बाहेरची डिस्क दिसते. आयफोन १५ पासून टाइप-सी आहे, त्यामुळे वरचीच पद्धत चालते. त्याआधीच्या फोनला लायटनिंगचं (आयफोनच्या जुन्या पोर्टचं) अ‍ॅडॉप्टर लागतं, ते चार्जिंगचं भोक असलेलं घ्या. फोटोज अ‍ॅपमधून 'इंपोर्ट' केलं की सगळं फोनमध्येच येऊन पडतं, म्हणून इथेही फाइल्सच वापरायचं. इजेक्टचं बटण शोधत बसू नका, कॉपीची पट्टी गेल्यावर मिनिटभर थांबून मग केबल काढा.

प्रतिसाद ४

क्लाउडचा हिशोब करून बघितलात का? ९ जीबी म्हणजे ७२,००० मेगाबिट. मुक्कामाच्या वायफायचा अपलोड वेग ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) मिळाला, तर चार तास. तोही रोज, न तुटता. डाउनलोडचा आकडा बघून हुरळू नका, अपलोड बहुतेकदा त्याच्याहून रडका. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबी, त्यातच मेल आणि ड्राइव्ह. आयक्लाउडवर फुकट ५ जीबी.

म्हणून मी एवढंच करते: दिवसातले सगळ्यात आवडलेले दहा-पंधरा फोटो निवडून तेवढेच वर चढवते, आणि आधी सेटिंगमध्ये 'ओरिजिनल क्वालिटी' आहे ना ते बघते. ३० एमबीचे पंधरा म्हणजे ४५० एमबी, अंघोळ करून येईपर्यंत होतात. सॅक, कॅमेरा, एसएसडी सगळं गेलं तरी प्रवासाचा गाभा हाती राहतो.

आणखी एक. क्लाउडला जोडलेल्या गॅलरीतून फोटो पुसला की तो वरूनही पुसला जातो. जागा करायला म्हणून फोनमधले फोटो उडवू नका. 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय असतो, तो वापरा.

प्रतिसाद ५

तुम्ही सगळे सुखी आहात. आम्ही सायबर कॅफेत जाऊन फोटोंच्या सीडी बर्न करायचो. ७०० एमबीची एक सीडी, आणि ती घरी उघडेल की नाही हा नशिबाचा खेळ. एकदा अशाच एका कॅफेच्या संगणकाला कार्ड लावलं आणि परत मिळालं ते व्हायरससकट. फोल्डर दिसेनात, नुसते शॉर्टकट. अनोळखी संगणकाला कार्ड लावायचंच असेल तर आधी ती लॉकची खिट्टी सरकवा. मायक्रोएसडीला ती नसते, तिथे लावूच नका.

जाता जाता: एसएसडी कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. बॅग चोरणारा दोन्ही प्रती एकदम नेतो. एक सॅकच्या तळाशी, एक अंगावर. विमानतळावरच्या एक्सरेनं कार्डाला काही होत नाही, ती भीती फिल्मच्या रोलांची होती.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. हब आणि एसएसडी आणली, काल घरीच रंगीत तालीम केली. आधी हट्टानं जुनी हार्ड डिस्क लावून पाहिली. टकटक केली आणि गायब, अगदी सांगितल्यासारखी! एसएसडी मात्र लगेच दिसली.

पण एक घोळ झालाय. दोन कार्डांवर मिळून ६४० फोटो होते. दोन्हीकडच्या फाइल्स 'फोटो' नावाच्या एका फोल्डरमध्ये टाकल्या. मोजले तर ६११. मध्ये फोननं काहीतरी विचारलं होतं, 'बदला' की 'वगळा' असं. मी घाबरून 'वगळा' केलं. २९ फोटो गेले कुठे?

प्रतिसाद २

कुठेच गेले नाहीत, कार्डावर आहेत. आणि मोजून पाहिलंत, हेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

कॅमेरा फाइलला चारच आकडे देतो, ०००१ ते ९९९९. तुमच्या कॅमेऱ्यात फाइल नंबरिंग 'रीसेट'वर असणार, म्हणजे नवं कार्ड घातलं की पुन्हा ०००१. दोन्ही कार्डांवर २९ फाइल्सची नावं तंतोतंत सारखी निघाली, फोनला वाटलं त्याच त्या. 'बदला' दाबलं असतंत तर पहिल्या २९ वर दुसऱ्या २९ बसल्या असत्या, आणि आकडा तरीही ६११ च आला असता.

नंबरिंग 'कंटिन्युअस' करा. तरी ९९९९ नंतर ते फिरून ०००१ होतंच, म्हणून रोज तारखेचं नवं फोल्डर करा आणि त्यात आख्खं डीसीआयएम टाका. मग कार्डावरच्या आणि एसएसडीवरच्या फाइल्सची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा. दोन-तीन फोटो एसएसडीवरून उघडून पूर्ण मोठे करा, त्यातला एक शेवटचा असू द्या, कारण कॉपी तुटली तर तिथेच तुटते. फोनच्या गॅलरीतलं लहानसं चित्र पाहून समाधान मानायचं नाही. ते कसं फसवतं हे तुम्हाला मी काय सांगू.

प्रतिसाद ६

ताई, मूळ प्रश्न सुटला वाटतं, पण मी त्या पाणकावळ्यावर अडकलोय. तुमच्या गोष्टीत चार दिवसांत कार्ड भरलं, फॉरमॅट केलं, पुढे फक्त दोन दिवस फोटो काढले. ते कार्ड नंतर वापरलंत का?

धागाकर्ती

नाही, रागानं ड्रॉवरमध्ये टाकलं ते आजवर तिथेच आहे. का हो?

प्रतिसाद ६

मग आशा आहे! साधं फॉरमॅट केलं की पुसली जाते ती फाइल्सची यादी, फोटो जागेवरच असतात, वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. कॅमेरा साधारणपणे सुरुवातीपासून भरत जातो. दोन दिवसांचे १८ जीबी म्हणजे तुमचे पहिले दोन दिवस गेले. तिसरा दिवस त्याच्या पुढे असणार. 'लो लेव्हल फॉरमॅट'वर (आख्खं कार्ड पुसणाऱ्या पर्यायावर) खूण केली असेल तर मात्र विसरा.

कार्ड लॉक करा, लॅपटॉपला लावा, फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते चालवा. दिसायला काळ्या पडद्याचं आहे, घाबरू नका. सापडलेल्या फाइल्स लॅपटॉपवर ठेवा, त्याच कार्डावर नको.

धागाकर्ती

दोन तास लागले. फाइल्सची नावं गेलीत, नुसते आकडे आहेत, आणि काही अर्ध्या करड्या निघाल्या. पहिल्या दोन दिवसांतलं काही नाही. पण पाणकावळा आहे, रॉमध्ये, ६००० बाय ४०००.

मासाच आहे. खवलेसुद्धा दिसतायत.