पंपाच्या डब्यातली चिप
भाऊ, तुम्ही वर लिहिलं की चिप बनवायला सिलिकॉन सोडून बाकीचे सगळे पदार्थ प्रयोगशाळेतच राहणार. मला नाही पटलं. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर (चिपमधला वीज चालू-बंद करणारा बारीक स्विच) जर्मेनियम या दुसऱ्याच मूलद्रव्याचा होता. त्याला उष्णता झेपेना, हे सिलिकॉन पुढं येण्याचं एक मोठं कारण.

आमच्या वावरात सौर पंपाचा कंट्रोलर टिनाच्या डब्यात आहे. मे महिन्यात दुपारी झाकणाला बोट लागलं की चटका बसतो, अन् पंप आपोआप बंद पडतो. नेमकं तेव्हाच संत्र्याच्या आंबिया बहाराला पाणी पाहिजे असतं. म्हणून मला वेगापेक्षा टिकाऊपणाचं जास्त पडलं आहे. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रानं सिलिकॉन कार्बाइडचं (सिलिकॉन अन् कार्बनच्या संयुगाचं) सर्किट शुक्रासारख्या वातावरणात, ४६० अंश सेल्सिअसला, ५२१ तास चालवून दाखवलं, तेही थंड करायची काही सोय न करता!

कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, याही नुसत्या कल्पनेत राहिल्या नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं २०१९ मध्ये त्यांचे १४ हजारांहून जास्त ट्रान्झिस्टर जोडून १६ बिटचा प्रोसेसर केला. मोबाईलच्या चिपपुढं तो फार लहान आहे, मान्य. पण पंप चालू-बंद करायला किती ट्रान्झिस्टर लागतात?

अशी चिप आली तरी डब्यातले वीज साठवणारे, आत द्रव असलेले कपॅसिटर मात्र उन्हानं सुकतीलच. त्यांना पर्याय कोणी वापरला असेल तर नक्की लिहा.