नर एकही नाही, तरी गप्पीला पिल्लं! आता काय करू?

चकोर: घरी माशांची साठ लिटरची टाकी आहे. गप्पीच्या चार माद्या आणि निऑन टेट्रांचा घोळका. पिल्लांची कटकट नको म्हणून मुद्दाम माद्याच घेतल्या होत्या. काल दिवा लावला तर हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीच्या झुपक्यात नुसते डोळे दिसले! अंग काचेसारखं, आरपार. वीसेक तरी असतील. एक तर माझ्या देखत निऑनने गिळलं. जाळीचा छोटा डबा घरात आहे, त्यात काढू का? आणि एवढी मोठी झाली की द्यायची कुणाला? एका मित्राने 'तळ्यात सोडून दे' असा सल्ला दिलाय. धाकटीने मात्र सगळी ठेवायची असं जाहीर करून टाकलंय.

शेवाळबुवा: नर येऊन गेलाय हो, तुमच्याकडे यायच्या आधीच. गप्पीची मादी वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते आणि साधारण महिन्याभराने पुन्हा व्यायते. तेव्हा ही पहिली खेप समजा. धाकटीला आत्ताच सांगून ठेवा.

जाळीच्या डब्यात चार-आठ दिवस ठीक. त्यापुढे तिथे पाणी खेळत नाही, उरलेलं खाणं तळाशी कुजतं, पिल्लं खुरटतात. वेगळी टाकी लावणार असाल तर नुसतं जुन्या टाकीतलं पाणी ओतून भागत नाही. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच, ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर असतात. चालू फिल्टरमधल्या स्पंजचा तुकडा नव्या टाकीत टाका. फिल्टर हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचाच घ्या, बाकीचे पिल्लं ओढून घेतात. शिवाय त्या स्पंजवर बारीकसारीक खायला मिळतं, पिल्लं दिवसभर त्याला टोचे मारत बसतात.

खाणं म्हणजे नेहमीचे फ्लेक्स चिमटीत चुरून अगदी पूड करायची. दिवसातून तीन-चार वेळा, पण चिमूटभरच. जमलं तर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव, उबवा. मिठाच्या पाण्यात, २७-२८ अंशांना, खालून बुडबुडे सोडत ठेवले की २४ ते ३६ तासांत अंडी फुटतात. गाळून, गोड्या पाण्यात धुऊन द्या. पाच मिनिटांत प्रत्येकाचं पोट नारिंगी झालेलं कातडीतून दिसतं, त्यामुळे उपाशी कोण राहिलं तेही कळतं. उकडलेल्या अंड्याचा बलक द्या असं बरेच जण सांगतात. मी देत नाही, पाणी फार लवकर नासतं.

मोरपंखी: मी वेगळंच सांगते. काहीच करू नका. हॉर्नवर्ट दाट आहे ना, त्यात जावा मॉसची भर घाला आणि सोडून द्या. हुशार असतील ती चार-सहा जगतील. वीसच्या वीस वाढवाल, तर पुढच्या महिन्यात आणखी वीस येतील तेव्हा काय कराल?

शेवाळबुवा: मोरपंखीताईंचं पटतं. मीही आता तेच करतो. पण धाकटी टाकीसमोर बसून मोजत असेल, तर निऑनच्या तोंडी द्यायचं जड जाईल. ही एक खेप वाढवा, पुढची टाकीवर सोपवा.

चकोर: तसंच करतो. बारीक स्पंज फिल्टर मिळालाय. नर-मादी कधी ओळखू येतात?

शेवाळबुवा: चौथ्या आठवड्यापासून रोज पोटाखालचा पर बघायचा. पंख्यासारखा पसरट राहिला तर मादी, काडीसारखा निमुळता व्हायला लागला तर नर. शेपटीला रंग चढायची वाट बघू नका. पर बदलताना दिसला की त्याच दिवशी नर वेगळा. उशीर झाला तर भाऊ-बहिणींतच पुढची पिढी तयार होते, आणि तुम्ही कुणाला 'फक्त माद्या' म्हणून दिल्यात तर तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन तो इथे येईल.

तळ्याचं मात्र डोक्यातून काढा. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. डास आटोक्यात ठेवायला म्हणून जगभर सोडला गेला आणि कसल्याही पाण्यात तग धरून बसला. तिथल्या मूळच्या माशांची अंडी-पिल्लं खातो, घरच्या टाकीतले रोगही सोबत नेतो.

द्यायच्या आदल्या दिवशी खायला घालू नका, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. दुकानदाराला द्यायची असतील तर आधी विचारून जा, गप्पी त्यांच्याकडे उतू जात असतात. एकाच जातीचे रंगीत नर मात्र सहसा घेतात.

चकोर: शेजारच्या काकू सहा मागतायत. काचेच्या गोल भांड्यात ठेवणार म्हणतात, फिल्टर नको, आवाज होतो.

मोरपंखी: मग नाही द्यायची.

शेवाळबुवा: काकूंना तुमच्या घरी बोलवा आणि स्पंज फिल्टर चालू असताना शेजारी बसवा. पंप जाड फोमवर ठेवला तर आवाज बराच दबतो. तयार झाल्या तर छोटीशी टाकी घ्यायला सांगा, आणि सहाही नरच द्या.